चढणीची वाट

कोकणातल्या मासळीचा विषय निघाला की बोलणं सरळ समुद्रावर जातं. पापलेट, सुरमई, बांगडा, बोंबील. २०२३ साली महाराष्ट्राने पापलेटाला राज्यमाशाचा मान दिला, त्याचा मलाही आनंद झाला. पण आमचं गाव संगमेश्वर तालुक्यात, सह्याद्रीच्या पायथ्याला. समुद्र इथून चाळीस-पन्नास किलोमीटर. पूर्वी आमच्याकडे समुद्राची मासळी यायची ती बहुतेक सुकी होऊनच: सुकट, बोंबील, खारवलेला बांगडा. ओला मासा म्हणजे पऱ्याचा. डोंगरातून उतरून, भातखाचरांच्या कडेने वाहत पुढे नदीला मिळणारा आमचा पऱ्या. कुठे त्याला वहाळ म्हणतात, घाटावर ओढा म्हणतात. मळ्ये, शिंगटी, वाम, मरळ, खडस, दगडाखालची कोळंबी आणि खेकडे, हे सगळं त्यातून ताटात यायचं. अजूनही येतं, पण कमी.

या माशाबद्दल माझं म्हणणं एका वाक्यात सांगता येतं, पटवायला मात्र वेळ लागतो. हा मासा आपण खाल्ला पाहिजे, आणि खाणाऱ्यांनीच तो राखला पाहिजे. शहरातले निसर्गप्रेमी मित्र पहिल्या अर्ध्या वाक्याला नाक मुरडतात, गावातले दुसऱ्या अर्ध्याला. मला दोन्ही अर्धी एकत्रच खरी वाटतात.

आधी खाण्याबद्दल. पऱ्यातले बहुतेक मासे बोटभर लांबीचे. ते सोलून, काटे काढून, तुकडे करून खायचे नसतात. पोट साफ करायचं, मीठ चोळून धुवायचं, वाम किंवा मरळ असेल तर राखेत घोळून बुळबुळ काढायची. मग कांदा, लसूण, तिखट, हळद आणि आमसुलं घालून रुंद तव्यावर सुकं करायचं. पाणी जवळजवळ नाही. आमसुलाचा आंबटपणा काट्यात मुरतो आणि काटा दाताखाली कुरकुरत जातो. डोकं, डोळे, काटा, सगळं खायचं. लहान पोरांना आमच्याकडे मळ्याचं डोकं मुद्दाम देतात.

या सवयीत मोठं शहाणपण आहे. शकुंतला हरकसिंग थिल्स्टेड या पोषणतज्ज्ञ संशोधक बाईंना २०२१ चं जागतिक अन्न पारितोषिक मिळालं. बांगलादेशातल्या खेड्यांत मोला नावाचा बोटाएवढा मासा खाल्ला जातो, त्यावर त्यांचं काम आहे. अख्ख्या खाल्लेल्या लहान माशातून अ जीवनसत्त्व, कॅल्शियम, लोह आणि जस्त जितकं मिळतं, तितकं मोठ्या माशाच्या मऊ तुकड्यातून मिळत नाही, हे त्यांनी दाखवून दिलं. मोल्यातलं अ जीवनसत्त्व तर मुख्यतः डोळ्यांत आणि आतड्याच्या भागात असतं, म्हणजे शहरी स्वयंपाकघरात आपण जे कापून टाकतो नेमकं त्यात. त्यांच्या कामाचा परिणाम म्हणून बांगलादेशात तळ्यांमध्ये मोठ्या माशांबरोबर मोलाही वाढवला जाऊ लागला. पूर्वी तळं साफ करताना त्याला बिनकामाचा मासा समजून मारून टाकत. हा मोला आपल्याकडच्या पाण्यातही आहे.

या माशाला खाद्य घालावं लागत नाही. बर्फ लागत नाही, डिझेल लागत नाही, माशाचं पीठ करून माशालाच भरवण्याचा उद्योग करावा लागत नाही. दगडावरचं शेवाळ, पाण्यातल्या किड्यांच्या अळ्या, भाताच्या खाचरातलं कुजकं पान, एवढ्यावर तो वाढतो. लहान जाती वर्षाच्या आत वयात येतात आणि भरपूर अंडी घालतात. सावलीतला, वाहता, स्वच्छ पऱ्या एका वाडीला वर्षातले कित्येक दिवस कालवण पुरवू शकतो. पैसा एक न लागता. भूमिहीन माणसाला, कातकऱ्याच्या घराला याची किंमत किती असते, ते डाळीचा भाव वाढला की कळतं. कातकरी बायका मार्च-एप्रिलच्या उन्हात आटत चाललेल्या पाण्यात वाकून, दगडाखाली दोन्ही हात घालून मासा धरतात. बाजूने पाहणाऱ्याला वाटतं चाचपताहेत. पण कुठल्या दगडाखाली काय असणार, कुठे हात घालायचा नाही, कुठे खेकडा चावेल, हे सगळं त्यांना ठाऊक असतं. माशांच्या अभ्यासकाला जे शिकायला पदवी लागते त्यातलं निम्मं त्यांच्या बोटांत आहे, आणि हे मी आदराने म्हणतो.

आता चढण. मृगाचा जोरदार पाऊस लागून नद्या गढूळ होऊन वाहू लागल्या की अंड्यांनी भरलेले मासे प्रवाहाच्या उलट निघतात. नदीतून पऱ्यात, पऱ्यातून पाटात, पाटातून तुंबलेल्या खाचरात, कातळावर साचलेल्या वीतभर पाण्यात. आमच्याकडे हे चढणीचे मासे, रायगड-ठाण्याकडे वलगणीचे. त्यांना उथळ, नवं, ऊबदार पाणी हवं असतं. तिथे मोठा शिकारी मासा नसतो आणि पिल्लांना खायला सूक्ष्म जीव भरपूर असतात. अंडी घातली की मोठे मासे परततात. पिल्लं श्रावण-भादव्यापर्यंत खाचरात वाढतात आणि पाणी ओसरू लागलं की खाली येतात, ती उतरण.

नेमक्या याच दिवसांत समुद्रातली मासेमारी बंद असते. १ जूनपासून यांत्रिक होड्या किनाऱ्यावर ओढून ठेवलेल्या, कारण माशांचा विणीचा काळ. ही बंदी सगळ्यांना ठाऊक असते, बहुतेकांना पटतेही. बाजारात ओली मासळी नाही म्हणून मग सगळा गाव पऱ्यावर उतरतो. आमच्या भागात खोईन लावतात. पाण्याच्या तोंडाशी काठ्या-कांबट्या बांधून अशी चिंचोळी जागा करायची की आत शिरलेला मासा परत फिरू शकत नाही. कुणी पाग म्हणजे फेकजाळं टाकतं, कुणी रात्री बॅटरी घेऊन कोयतीने मारतं. पोटात अंड्यांची पिवळी गाभोळी गच्च भरलेली असते, आणि तीच तर लोकांना हवी असते. समुद्रातल्या माशाची वीण आपण राखतो आणि त्याच आठवड्यांत डोंगरातल्या माशाची वीण कढईत घालतो. पेरायचं भात दळून खाण्यासारखं आहे हे.

पण चढणीचे मासे पकडणं ही जुनीच गोष्ट आहे. मग पूर्वी मासा संपला का नाही? मला वाटतं, पूर्वीच्या पकडण्याला दोन-तीन अडसर होते. माणसं कमी होती आणि रात्री उजेड नव्हता, हे तर आहेच. शिवाय घराघरांत काही रीती होत्या. आमच्या एक चुलत आत्या पहिल्या पुराचा मासा घरात घेत नसत. कुणी आणून दिला तर म्हणत, "पयल्या पान्याची पोटुशी हायत रे ती. चार दिस दम धरा की." कुठल्या शास्त्राच्या पुस्तकात त्यांनी हे वाचलं नव्हतं. तिसऱ्या-चौथ्या पुरानंतरचा, अंडी टाकून परतणारा मासा त्या घेत, आणि गणपतीनंतर उतरणीला तर टोपलीभर. चूल पेटलेली असायची तिच्यावर कांबट्यांची चाळण टांगून ते धुरावायच्या. हिवाळाभर ते सुके मळ्ये वालाच्या कालवणात पडत. त्यांची ही रीत सगळ्या गावाची होती असं म्हणणार नाही. पण पाचातल्या दोन घरांनी पाळली तरी चढणीतला बराच मासा वर पोचत असणार.

पोचत असणार म्हणतो, कारण आता वाटच अडली आहे. आमच्या पऱ्यावर खालच्या अंगाला सिमेंटचा बांध आहे. पाणी अडवण्याचा हेतू चांगलाच. पण त्याची भिंत सरळ उभी, पुरुषभर उंचीची. जूनमध्ये तिथे जाऊन उभं राहावं. भिंतीवरून पाणी पडत असतं आणि खाली फेसात मासे उड्या मारत असतात. एक उडी, भिंतीवर आपटून खाली. पुन्हा. खवल्यांचा चकाकता तुकडा हवेत दिसतो आणि नाहीसा होतो. काही मळ्ये भिंतीच्या कडेला जिथे पाण्याचा पातळ पदर ओघळतो तिथे चिकटून वर सरकू पाहतात. मळ्याच्या हनुवटीखाली वाटीसारखी चकती असते, ती दगडाला चिकटवून तो वेगवान प्रवाहातही टिकून राहतो. ओबडधोबड कातळ असता तर तो टप्प्याटप्प्याने चढूनही गेला असता. खळगा सापडला की दम खायचा, पुन्हा सरकायचं. गुळगुळीत सिमेंटवर त्याला खळगा नाही. तो हातभर चढतो, थांबतो, वरून पाण्याचा लोंढा येतो आणि खाली जातो. आणि खाली आपली माणसं जाळी, टोपल्या, मच्छरदाणीचे तुकडे धरून उभी असतात. एरवी पसरून जाणारी सगळी चढण त्या एका जागी कोंडलेली असते. तिथे दोन तासांत जितका मासा निघतो तितका पूर्वी आठवडाभरात निघत नसेल. लोकांना वाटतं यंदा मासा फार आला.

सगळे बंधारे सारखे नसतात, हे इथे सांगायला हवं. कोल्हापूर पद्धतीच्या बंधाऱ्याच्या फळ्या पावसाळ्याआधी काढतात, त्यामुळे निदान चढणीच्या दिवसांत दारं उघडी असतात. फळ्या वेळेवर काढल्या तर. पोत्यांचा वनराई बंधारा तर पहिल्याच पुरात मोकळा होतो, माशाच्या दृष्टीने तो सगळ्यात भला. पक्क्या बांधालाही उपाय आहे. खालच्या बाजूने मोठमोठे दगड रचून उतरता चढाव करायचा, पाणी त्यातून खळाळत उतरलं पाहिजे, मधे मधे विसाव्याच्या जागा राहिल्या पाहिजेत. फार खर्चाचं काम नाही. बांधाच्या अंदाजपत्रकातच ते धरलं पाहिजे, पण मासा कुणाच्या हिशेबात धरलेलाच नसतो. पाणी म्हणजे हंडे, पंप आणि एकर. त्यात काही जिवंत आहे आणि ते आपण खातो, ही गोष्ट कागदावर कुठेच येत नाही.

विषाची गोष्ट याहून वाईट. पूर्वीही मासे गुंगवत असत. गेळाची फळं, रामेठ्याची साल, शिकेकाई ठेचून डबक्यात टाकायची, मासे सुस्त होऊन वर येतात, हवे ते उचलायचे. मला तेही आवडत नाही, पण ते एका डबक्यापुरतं असायचं आणि नवं पाणी आलं की धुऊन जायचं. आता ब्लीचिंग पावडर टाकतात, शेतातलं कीटकनाशक टाकतात. गेल्या काही वर्षांत बॅटरी-इन्व्हर्टर जोडून पाण्यात करंट सोडण्याचंही फॅड आलं आहे. कीटकनाशकाने मासा मरतोच, पण दगडाखालच्या अळ्या, कोळंबी, खेकडे, बेडकांची पिल्लं सगळी एका फटक्यात जातात, म्हणजे पुढच्या वर्षीच्या माशाचं अन्नही जातं. आणि तो मासा लोक खातात. सुरुंग आणि विष यांनी मासे मारण्यावर १८९७ च्या भारतीय मत्स्य अधिनियमापासून बंदी आहे, म्हणजे सव्वाशे वर्षं झाली. एवढ्या जुन्या कायद्याची आमच्या वाडीत कुणाला कल्पना नाही, आणि पऱ्यावर पोलीस यावा अशी अपेक्षाही नाही. तिथे नजर ठेवू शकतो तो फक्त गाव.

गावाने नजर ठेवली तर काय होतं ते पाहायचं असेल तर महाड तालुक्यात वाळणकोंडला जावं. शिवथरघळीच्या वाटेवरचा हा भाग. काळ नदीने कातळ कापून खोल घळ केली आहे, तिच्या काठी वरदायिनी देवीचं ठाणं. त्या डोहातले मासे देवीचे, त्यांना कुणी हात लावत नाही. लोक कुरमुरे, लाह्या टाकतात आणि हिरव्या पाण्यातून मोठाले महसीर वर येतात. पालघर जिल्ह्यात वाडा तालुक्यात वैतरणेच्या काठी तिळसे गावच्या शिवमंदिराशी असाच राखलेला डोह आहे. महसीर म्हणजे आमच्याकडचा खडस. सावकाश वाढणारा, मोठा होणारा, वाळूगोट्याच्या स्वच्छ तळावर अंडी घालणारा. त्याला वयात यायला वर्षं लागतात, म्हणून तो लहान माशांसारखा पकडीतून सावरत नाही. खडस कमी झाला म्हणजे नदी बिघडली असं खुशाल समजावं.

देवाचा डोह फक्त भाविकतेने चालतो असं मला वाटत नाही. मे महिन्यात पऱ्या सुकतो तेव्हा पाणी उरतं ते डोहात. सगळ्या ओढ्याचं माशांचं बियाणं त्या दोन-चार डोहांत दडलेलं असतं आणि जूनला तिथूनच ते पसरतं. डोह राखला की वरचा-खालचा मैलभर पऱ्या आपोआप भरतो आणि तिथे सगळ्यांना मासेमारी करता येते. जुन्या लोकांनी डोह देवाला दिला आणि पऱ्या स्वतःला ठेवला. ही वाटणी मला फार शहाणपणाची वाटते. पण तिचीही मर्यादा आहे. डोहाच्या वर धरण झालं, वाळूचा उपसा झाला, खाली कारखान्याचं पाणी आलं, तर देवी एकटी काय करणार. वाळणकोंडची काळ नदी ज्या सावित्रीला मिळते त्या सावित्रीच्याच काठी महाडची औद्योगिक वसाहत आहे.

पुण्याचं उदाहरण तर डोळ्यांसमोर आहे. कर्नल साइक्स नावाचा इंग्रज अधिकारी दख्खनचे मासे जमवत होता. १८३९ साली त्याने त्यांची शास्त्रीय वर्णनं छापली. त्यात त्याने स्थानिक कोळ्यांकडून ऐकलेली नावंच लॅटिन नावांत घातली, म्हणून मळ्या आणि शिंगटी आजही जगभरच्या याद्यांत त्याच नावांनी आहेत. आपला दख्खनी महसीर त्याला पुण्याच्या पूर्वेला मुळा-मुठेत मिळाला. आज त्या नदीच्या काठाने चालताना हे आठवलं तर पाऊल जड होतं. गटाराच्या काळ्या पाण्यात तगून राहतो तो चिलापी, १९५२ साली बाहेरून आपल्या देशात आणलेला. साइक्सचा महसीर तिथे नाही. पुण्यात कुणी महसीर खाऊन संपवला नाही, हे मला मुद्दाम सांगावंसं वाटतं. ज्या दिवसापासून पुणेकराने नदीतला मासा खाणं सोडलं, त्या दिवसापासून नदीत काय सोडलं जातं याची चौकशी करणारंही कुणी उरलं नाही. खाणारा माणूस पाण्याचा वास घेतो, रंग पाहतो, यंदा शिंगटी का नाही म्हणून विचारतो. त्याला कारण असतं.

पश्चिम घाटाच्या गोड्या पाण्यातल्या जिवांची मोठी पाहणी २०११ साली आययूसीएन या निसर्गरक्षणाच्या जागतिक संघटनेने प्रसिद्ध केली. त्यात माशांच्या २९० जाती मोजल्या, त्यातल्या १८९ जगात दुसरीकडे कुठेही नाहीत. पाहिलेल्या जातींपैकी साधारण तिसरा हिस्सा धोक्यात. त्यानंतरही नव्या जाती सापडतच आहेत. एकेका डोंगरापुरत्या, एकेका नदीच्या उगमापुरत्या. आपल्या मागच्या पऱ्यातला बोटभर मासा कदाचित शंभर किलोमीटरवर कुठेच नसेल. वाघाइतका तो दुर्मीळ असू शकतो, आणि त्याच्यासाठी फलक लागत नाही.

मग मासे सोडून नद्या भराव्यात का? याचं उत्तर लोणावळ्याजवळ वळवणला मिळतं, आणि ते सरळ नाही. टाटांच्या धरणांमुळे ज्या नद्यांचे प्रवाह बदलले तिथल्या महसीरसाठी कंपनीने १९७० च्या दशकापासून तिथे पैदास केंद्र चालवलं. महसीरची अंडी काढून, फळवून, लाखो पिल्लं वाढवण्याचं तंत्र तिथे बसवलं गेलं. हे काम फार मोलाचं, महसीर निव्वळ नामशेष होण्याच्या भीतीतून बाहेर यायला त्याने हातभार लावला. पण ती पिल्लं दूरदूरच्या नद्यांतही गेली, कावेरीतही. कावेरीत तिथला स्वतःचा महसीर होता, पाठीवर उंच वशिंडासारखा उभार असलेला, आकाराने अवाढव्य. आपला दख्खनी महसीर तिथे फोफावला आणि तो मूळचा मागे हटत गेला. त्याची शास्त्रीय ओळख नीट पटली २०१८ साली, आणि ओळख पटताच त्याला अतिसंकटग्रस्त म्हणून जाहीर करावं लागलं. एका नदीचं औषध दुसऱ्या नदीला बाधलं. म्हणून गावात कुणी उत्साहाने "पऱ्यात बीज सोडू या" म्हणालं की मी आधी विचारतो, कुठलं बीज? कटला, रोहू, मृगळ हे गंगेकडचे मासे, ते शेततळ्यात वाढवा, चांगला धंदा आहे. पऱ्यात नकोत. चिलापी नको. आफ्रिकन मागूर तर मुळीच नको, त्याच्या पैदाशीवर देशात बंदी आहे आणि तरी तो बाजारात जिवंत विकला जातो. तो पुराच्या पाण्यात निसटला की वाटेतलं सगळं खातो. डासांसाठी गप्पी मासे सोडायलाही माझा विरोध आहे. डोक्यावर चमकता ठिपका असलेला आपला लहान मासा पाण्याच्या पृष्ठभागाशी राहून डासाच्या अळ्याच खात असतो. त्याला जागा द्या, तेवढं पुरे.

देशी मासा परत येतो, जागा मिळाली की. विदर्भात भंडारा-गोंदियाकडे मासेमारीवर जगणाऱ्या ढिवर समाजाच्या लोकांनी हे करून दाखवलं. अभ्यासक मनीष राजनकर आणि त्यांच्या सहकाऱ्यांच्या साथीने त्यांनी जुन्या तलावांत माजलेली बेशरमाची झुडपं उपटली, पाण्यातल्या देशी वनस्पती लावल्या, आणि मग देशी मासे वाढले. बायकांनी कुठली वनस्पती कुठल्या माशाला अंडी घालायला लागते याची माहिती गोळा केली. ते तलाव, आमचा पऱ्या, प्रकार वेगळा. पण ज्याचं पोट माशावर आहे त्याच्या हातात काम दिलं की ते टिकतं, हे तिथे दिसतं.

एक गोष्ट मात्र स्पष्ट बोलली पाहिजे. पऱ्याचा मासा शहरासाठी नाही. अलीकडे चढणीच्या माशांचे व्हिडिओ निघतात, महामार्गाच्या कडेला टोपल्या लागतात, मुंबईहून गाड्या थांबतात. ज्या पऱ्यातून एका वाडीचं कालवण निघतं त्यातून शहराची हौस भागवायची म्हटली तर दोन पावसाळ्यांत खेळ खलास. मला मुंबईतले नातेवाईक जूनमध्ये फोन करून विचारतात, मासे पाठवशील का. मी नाही म्हणतो, आणि ऑक्टोबरमध्ये गावाला या म्हणतो. उतरणीचा मासा गावात बसून पोटभर खा. त्यांना राग येतो तो येऊ दे.

सध्या माझं डोकं एकाच गोष्टीत आहे. जैवविविधता कायदा २००२ चा, त्याप्रमाणे प्रत्येक ग्रामपंचायतीत जैवविविधता व्यवस्थापन समिती आणि लोक जैवविविधता नोंदवही असायला हवी. आमच्या नोंदवहीत झाडं बरीच आहेत, पक्षी आहेत, मासे म्हणून एक ओळ आहे. ती ओळ वाढवायची आहे. कुठला मासा, कुठल्या डोहात, कुठल्या महिन्यात, गावातलं त्याचं नाव काय, पूर्वी कुठवर चढायचा. हे सांगू शकणारी माणसं सत्तरी ओलांडलेली आहेत, आणि कातकरीवाडीतल्या ज्या बायकांना सगळ्यात जास्त ठाऊक आहे त्यांना आजवर कुणी सभेला बोलावलेलं नाही. त्यांच्यापासून सुरुवात करायची.

ग्रामसभेपुढे तीन ठराव मांडणार आहे. खालचे दोन डोह बारमाही बंद, गावचा असो वा बाहेरचा, कुणीही गरी टाकायची नाही. मृगाच्या पहिल्या दोन पुरांत खोईन लावायची नाही, त्यानंतर लावा. आणि बांधाच्या खाली दगडांचा चढाव, श्रमदानातून, येत्या मेच्या आत. डोहाच्या ठरावाला फारसा विरोध होणार नाही, असं वाटतं, कारण एका डोहाशी जुनं देवस्थान आहेच. चढावाला दगड वाहायला माणसं मिळतील. भांडण होईल ते खोईनीवरून. पहिल्या पुराची गाभोळी सोडायला कुणी सहज तयार होणार नाही, आणि ज्याच्या घरात त्या आठवड्यात दुसरं कालवण नाही त्याला मी कुठल्या तोंडाने नाही म्हणणार, हाही प्रश्न आहेच. त्या घरांपुरती सूट ठेवावी असं माझं मत आहे. चुलतभावाचं मत उलट आहे, तो म्हणतो सूट ठेवली की सगळेच गरीब होतील. त्यावर अजून आमचं एकमत झालेलं नाही. सभा फाल्गुनात आहे.